भाडेकरू सेवाभावी संस्था, भाडं बाजारापेक्षा दुप्पट: तारणासाठी व्हॅल्यू कशावर धरायची?

मिरज_मोजपट्टी:

नमस्कार मंडळी. मी सांगली-मिरज पट्ट्यात व्हॅल्युएशनची कामं करतो, जास्त करून घरं, प्लॉट, गोडाऊन, मधेआधे तासगाव साइडचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. आत्ता एक केस आलीय ती नेहमीच्या साच्यात बसंना म्हणून इथं टाकतोय.

विश्रामबागच्या पुढं मिरजेकडं जाताना आतल्या कॉलनीत चार गुंठ्याचा एनए प्लॉट, त्यावर तळमजला अधिक दोन मजले, एकूण ४८०० फूट बांधकाम, २०१६ चं. मंजूर नकाशा सहा फ्लॅटचा आहे. मालकानं तीन वर्षांपूर्वी अख्खी बिल्डिंग एका ट्रस्टला भाड्यानं दिली, ट्रस्ट तिथं बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचं निवासी केंद्र चालवतो, २६ जण राहतात, शिवाय रात्रपाळीचा स्टाफ. भाडं सध्या महिना ९५,०००, करार १५ वर्षांचा, रजिस्टर्ड, त्यातली १२ शिल्लक, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ, आणि लॉक-इन (तोवर करार मोडून उठता येत नाही) पाच वर्षांचं म्हणजे अजून दोन वर्षं.

मालकाला एका अर्बन बँकेकडनं १ कोटी २० लाख पायजेत. त्याचं गणित सरळ आहे, वर्षाचं भाडं ११ लाख ४० हजार, त्याला ६ टक्क्यांनी भागा, १ कोटी ९० लाख आले की नाही. माझ्या हिशोबानं जमीन ४३५६ फूट, आजूबाजूचे व्यवहार बघून १५०० रुपये फूट, म्हणजे ६५ लाखाच्या वर थोडं, बांधकाम घसारा धरून ११०० नं ५२ लाख ८० हजार, बेरीज १ कोटी १८ लाख. हीच बिल्डिंग सहा फ्लॅट म्हणून दिली तर एका फ्लॅटला ७००० च्या वर कुणी देणार नाही, म्हणजे ४२,०००.

शाखेतनं फोन आला, "साहेब भाड्यावर बसवा की, करार रजिस्टर्ड आहे, पार्टी चांगली आहे, ट्रस्टचं नाव आहे." पार्टी चांगली आहे हे खरंय, भाडं एकदाही थकलेलं नाही, बँक स्टेटमेंट मी बघितलंय. पण १.१८ आणि १.९० मधल्या ७२ लाखाला मी काय म्हणून सही करू? आणि तारणासाठी नेमकी कुठली व्हॅल्यू द्यायची, आहे तशी भाडेकरूसकट, का रिकामी? कुणी अशा निवासी केंद्राचं काम केलं असेल तर सांगा.

अण्णा_सातारा:

सहा टक्के मालकाला कुणी सांगितले ते आधी विचार. सरकारी रोख्यावर तेवढं किंवा त्याहून जास्तच मिळतं, आणि तिथं भाडेकरू सरकार असतं. आपल्याकडं घरभाड्याचं उत्पन्न तीन-चार टक्क्यांवर लोक चालवून घेतात ते जमिनीचा भाव वाढंल या आशेवर, भाड्यासाठी नव्हे. त्यामुळं बाजारभाड्याएवढा जो भाग आहे, तुझे ४२,०००, त्याच्यामागं जमीन उभी आहे, तो कमी दरानं धरला तर चालतं आणि तो तुझ्या १.१८ मधे आलेलाच आहे. वरचे ५३,००० जे आहेत त्यांच्यामागं वीट नाही, फक्त ट्रस्टची सही आहे. ती सही म्हणजे विनातारण उसनवारी, तिला दर पण तसाच लावायचा.

करून बघ. ५३,००० गुणिले १२ म्हणजे वर्षाला ६ लाख ३६ हजार. हे किती वर्षं धरायचे? कराराची १२ नाही, लॉक-इनची २, कारण त्यानंतर ते नोटीस देऊन उठले तर तू कुठल्या तोंडानं १२ वर्षांचं भाडं मोजलंस म्हणून बँक तुलाच विचारणार. १५ टक्क्यांनी दोन वर्षांचा गुणक (पुढं येणारं भाडं आजच्या किमतीत आणायचा आकडा) १.६२५ च्या आसपास येतो. म्हणजे सगळं मिळून १० लाख ३० हजार वगैरे. ७२ लाखाचे झाले सव्वादहा.

आता दुसरी बाजू. सहा फ्लॅट पाडून हॉल केलेत का आत? किचनचे ओटे काढलेत का? परत फ्लॅट करायचे तर भिंती, सहा ओटे, प्लंबिंग, वायरिंग, त्याचा खर्च काढ, बहुतेक हे सव्वादहा त्यातच जातील.

आणि पूररेषा बघितलीस का नाही ते लिहिलं नाहीस. सांगलीत २००५ झालं, २०१९ झालं, २०२१ झालं, तरी लोक रिपोर्टात एक ओळ टाकत नाहीत.

मिरज_मोजपट्टी:

अण्णा आत जाऊन बघून आलोय. तळमजल्यावर दोन फ्लॅटची मधली भिंत काढून जेवायचा हॉल केलाय, वरच्या दोन्ही मजल्यांवर तीन-तीन मोठ्या खोल्या, सहापैकी एकच किचन शिल्लक. संडासाची दारं सगळी तीन फुटाची केलीत, उतार, हँडल, घसरत नाही अशी फरशी, गच्चीला सहा फुटाची जाळी, लिफ्ट स्ट्रेचर जाईल एवढी. मालक म्हणतो मी १८ लाख घातले ह्यात, म्हणूनच भाडं जास्त. परत फ्लॅट करायला कॉन्ट्रॅक्टरनं १३ लाख सांगितले.

पूररेषेचं: प्लॉट लाल रेषेच्या (मोठ्या पुराची बाहेरची हद्द) बाहेर आहे, आतल्या निळीचा तर प्रश्नच नाही. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हाही कॉलनीत आलं नव्हतं, पण गावात जायचा रस्ता बंद होता. लिहिलंय.

कर्ज_आणि_वसुली:

मी बँकेच्या बाजूनं बोलतो, कर्ज देताना कमी आणि वसुलीत जास्त दिवस काढलेत. व्हॅल्युअर लोक आकड्यावर भांडतात, आमचा प्रश्न एकच असतो, हप्ते थकले तर ह्या बिल्डिंगचं मी काय करू शकतो.

तुमच्या करारात एक गोष्ट बघा, लॉक-इन फक्त ट्रस्टला आहे का मालकाला पण. बहुतेक करारात असं असतं की भाडेकरू लॉक-इननंतर तीन महिन्यांच्या नोटिशीवर सुटतो आणि मालक मात्र पूर्ण १५ वर्षं बांधलेला. तसं असलं तर बँकेच्या दृष्टीनं हे सगळ्यात वाईट. चांगले दिवस असताना भाडेकरू जाऊ शकतो, वाईट दिवसात बँक त्याला काढू शकत नाही.

काढू शकत नाही हे उगाच म्हणत नाही. करार गहाणाच्या आधीचा, रजिस्टर्ड. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की गहाणाआधीचा कायदेशीर भाडेपट्टा चालू असेल तर सरफेसीच्या (कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकायचा बँकांचा कायदा) कलम १४ खाली अर्ज करून कलेक्टरकडनं त्या भाडेकरूला सरळ बाहेर काढता येत नाही. तोच करार नोटरीवर असता आणि वर्षाच्या वरचा असता तर त्याला एवढं संरक्षण मिळालं नसतं. म्हणजे शाखावाले "रजिस्टर्ड आहे" हे जमेची बाजू म्हणून सांगतायत ती वसुलीच्या दिवशी उलटी फिरते. आमच्या हातात राहतो कागदी ताबा, आणि असल्या ताब्यावर लिलावाला कोण येतं, तर पडत्या भावात घेणारे दोन-तीन नेहमीचे लोक.

शिवाय भाडेपट्टा आहे का लिव्ह अँड लायसन्स हे मथळ्यावर जाऊ नका, आतली कलमं वाचा. भाडेपट्टा असला तर ट्रस्ट उद्या भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं संरक्षण मागू शकतो. बँका, सरकारी कंपन्या, एक कोटी किंवा त्याच्या वर भांडवल असलेल्या कंपन्या त्या कायद्यातनं वगळल्यात, ट्रस्ट वगळलेल्यात नाही.

आणि कायदा बाजूला ठेवा. २६ जण ज्यांना आपलं सामान आपल्याला भरता येत नाही त्यांना बाहेर काढायला तहसीलदार पोलीस घेऊन जाईल का? गेला तरी दुसऱ्या दिवशी पेपरात बँकेचं नाव फोटोसकट येणार. कुठलंही संचालक मंडळ ते होऊ देणार नाही. अर्बन बँकेला सरफेसी वापरता येतो का हा वाद २०२० मधे मुरगूडच्या सहकारी बँकेच्या केसमधे घटनापीठानं मिटवला, येतो, पण वापरता येणं आणि वापरायची हिंमत होणं वेगळं. पतसंस्थेला तर तेही नाही, त्यांना सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुलीचा दाखला घेऊन बसावं लागतं.

त्यामुळं मला विचाराल तर दोन्ही व्हॅल्यू लिहा, भाडेकरूसकट आणि रिकामी, आणि त्याच्या खाली ठळक लिहा की रिकामा ताबा आज उपलब्ध नाही. आम्ही कमी असेल ती धरतो.

कराडकर_लीड्स:

मी मूळची कराडची, सध्या इंग्लंडमधे लीड्सला सर्व्हेअर आहे आणि हा धागा वाचून हसावं का रडावं कळंना, कारण तुमच्या त्या मालकाचं गणित इथं मोठमोठ्या फंडांनी अब्जावधी पौंडाच्या पातळीवर केलंय.

इथं ह्याला सपोर्टेड हाऊसिंग म्हणतात. बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, बेघर झालेले लोक, त्यांना घर आणि सोबत मदतनीस. घराचं भाडं हाऊसिंग बेनिफिटमधनं येतं, म्हणजे शेवटी सरकारी पैसा, देखभालीचे पैसे वेगळे. साध्या सोशल हाऊसिंगच्या भाड्याला सरकारी मर्यादा असते, पण त्यातल्या एका खास प्रकाराला ती मर्यादा लागू नाही, म्हणून तिथं भाडी चढी. मग काय झालं, फंडानं साधं घर घ्यायचं, आत थोडे बदल करायचे, एखाद्या छोट्या हाऊसिंग असोसिएशनला (गरजूंना घरं देणारी ना-नफा संस्था) २०-२५ वर्षांच्या लीजवर द्यायचं, भाडं महागाईच्या निर्देशांकाला बांधायचं, दुरुस्ती-विमा सगळं असोसिएशनच्या गळ्यात, आणि मग त्या लीजवर व्हॅल्यू काढायची. शेजारच्या तसल्याच घरापेक्षा कितीतरी वर. सगळे म्हणायचे भाडं तर सरकारच देतंय, बुडंल कसं.

बुडण्याची जागा मधे होती. सरकार पैसे देतं ते राहणाऱ्या माणसामागं, खोली रिकामी राहिली की बेनिफिट बंद, पण असोसिएशननं फंडाला भाडं द्यायचंच. आणि त्या असोसिएशनकडं स्वतःचं भांडवल म्हणाल तर नावापुरतं. २०१८ ला फर्स्ट प्रायॉरिटी नावाची असोसिएशन अशीच अडकली, भाडी द्यायला पैसे नाहीत. २०१९ च्या एप्रिलमधे इथल्या सोशल हाऊसिंग रेग्युलेटरनं ह्या लीजवाल्या मॉडेलवर वेगळा रिपोर्टच काढला, की बाबांनो सगळी जोखीम एका बाजूला ढकललीय. मग २०२२ च्या ऑक्टोबरात महागाई ११.१ टक्क्यांवर गेली, आता ज्यांचं भाडं निर्देशांकाला बांधलंय आणि वर मर्यादा नाही त्यांनी काय करायचं.

सगळ्यात गाजलं ते होम रीट, घरं विकत घेऊन संस्थांना भाड्यानं देणारी कंपनी. बेघरांसाठीची घरं, २०२० ला लंडन शेअर बाजारात आली, २०२२ च्या नोव्हेंबरात एका शॉर्ट सेलरनं (शेअर पडला की कमावणारा) रिपोर्ट काढला, २०२३ च्या जानेवारीत शेअरचे व्यवहार बंद. भाडेकरू संस्था भाडं भरेनात, आणि घरांची नव्यानं व्हॅल्यू काढली तर खरेदीच्या निम्म्यालाही जड झाली. नंतर बरीच घरं लिलावात गेली, तिथं गिऱ्हाईकानं लीज बघितलीच नाही, खोल्या किती आणि गल्ली कुठली एवढंच बघितलं.

आता कामाचं. इथं बँकेसाठी रेड बुकप्रमाणं (सर्व्हेअर लोकांचं मूल्यांकनाचं नियमपुस्तक) रिपोर्ट देताना असल्या मालमत्तेला बँक दोन आकडे मागतेच, एक लीजसकट बाजारमूल्य, एक रिकाम्या ताब्याचं. दोघांत फरक मोठा असला की कर्जाची मर्यादा रिकाम्यावर लावतात. साध्या सोशल हाऊसिंगमधे आणखी एक पद्धत आहे, हे घर कायम ह्याच वापरात राहील आणि दुसरी तशीच संस्था घेईल असं धरून काढलेलं मूल्य. ते बऱ्यापैकी खाली येतं, कारण भाडी कमी आणि गिऱ्हाईक पण मोजकी. त्याच्यावरचं, म्हणजे भाडेकरूसकट पण खुल्या बाजाराचं मूल्य बँकेला कधी धरता येतं, तर करारात असं कलम असलं की ताबा बँकेकडं आला तर वापराची अट गळून पडते. वकील लोक इथं त्या एका कलमासाठी महिने घालवतात कारण त्याच्यावर कर्जाची रक्कम ठरते.

तुमच्याकडं ट्रस्ट, मालक आणि बँक असा तिघांचा करार करून असलं काही घालता येईल का ते बघा. आकड्यापेक्षा मी तिथं वेळ घातला असता.

निवासी_ताई:

मी साताऱ्याजवळ अशाच एका निवासी संस्थेत काम करते. सगळं वाचलं. सगळ्यांना आमच्या लोकांना बाहेर कसं काढायचं हीच काळजी आहे, तीन वर्षं एक हप्ता न चुकवता भाडं देणारा भाडेकरू तुम्हाला दुसरा कुठला मिळतो सांगा बघू. फ्लॅटवाला दर अकरा महिन्यांनी उठतो, दोन महिने रिकामा जातो, रंग द्यावा लागतो.

आणि आमचं उठणं एवढं सोपं नसतं हो. आमच्याकडं एकजण आहे तो एकाच खिडकीशेजारी बसून जेवतो, ताट दुसरीकडं ठेवलं की दिवसभर उपाशी. अशा माणसांना घेऊन कुठली संस्था लॉक-इन संपलं म्हणून दुसऱ्या तालुक्यात जाईल? जागा मिळतच नाही मुळात. दारं अडीच फुटाची, व्हीलचेअर अडकते, शेजारचे सोसायटीवाले नको म्हणतात, मालक होकार देतो आणि आठ दिवसांनी घरातल्यांनी नको म्हटलं म्हणून फिरतो. तयार बिल्डिंग मिळाली की संस्था तिला घट्ट धरून बसते. हे तुमच्या गुणकात कुठं बसतं?

आता तुम्ही जे बघायला पायजे ते सांगते. ट्रस्टचे तीन वर्षांचे ऑडिट मागा, लाजायचं काय त्यात, धर्मादाय कार्यालयात ते दाखल करावेच लागतात. त्यात बघा पैसे येतात कुठनं. पालकांची दरमहा फी किती, देणग्या किती, कंपनीचा सीएसआर (कंपन्या समाजकार्याला देतात तो पैसा) किती. फीमधनं भाडं निघत असेल तर काळजी नको. सीएसआरमधनं निघत असेल तर तो प्रोजेक्ट कधी संपतो ते विचारा, तीन वर्षांचा असला तर तुमच्या १२ वर्षांच्या कराराला काही अर्थ नाही. सरकारी अनुदान असेल तर ते येतं, पण वर्षाच्या शेवटी येतं, मधले महिने आम्ही दुकानदाराच्या उधारीवर काढतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्याखालचं संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र कुठल्या तारखेपर्यंत आहे तेही बघा.

आणि अण्णा, ते १३ लाख वजा करताय ते मला पटलं नाही. ही संस्था गेली तर दुसरी येईल, वृद्धाश्रम येईल, मिरजेत एवढे दवाखाने आहेत, पेशंटनंतरच्या देखभालीचं केंद्र येईल, त्यांना ही दारं आणि ही लिफ्ट हवीच आहे. भिंती परत बांधायच्या कशाला?

अण्णा_सातारा:

ताई, तुमचं बरोबर आहे आणि नाही पण. दुसरी संस्था येईल हे मान्य, पण ती ९५,००० देईल का? तुमच्या संस्थेनं दिले असते का, खरं सांगा.

निवासी_ताई:

नाही. आमची ताकद ५५-६० ची. त्याच्या वर गेलं की स्टाफ कमी करावा लागतो, आणि रात्रीचा माणूस कमी केला की मग काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

अण्णा_सातारा:

मग बघा, म्हणजे ह्या भाड्यातले ३५-४० हजार बिल्डिंगचे नाहीत, त्या एका ट्रस्टच्या सध्याच्या देणगीदारांचे आहेत. मालकानं १८ लाख फिटिंगला घातले ते तो भाड्यातनं वसूल करतोय, ते एका अर्थानं हप्ते आहेत, त्याला भाडं म्हणून कायमचं भांडवली मूल्य काढायचं म्हणजे एकच पैसा दोनदा मोजणं.

पण तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे म्हणून मी मोजपट्टीला सांगतो, ५५,००० चा मार्ग पण करून बघ. ५५,००० म्हणजे वर्षाला ६ लाख ६०, त्यातनं घरपट्टी, विमा, दुरुस्ती, मधे रिकामा जाणारा काळ मिळून २० टक्के काढ, राहिले ५ लाख २८. पाच टक्क्यांनी १ कोटी ५ लाख साठ हजार येतात. आणि जमीन-बांधकाम १.१८ वजा १३ पण १.०५ येतात. दोन वाटांनी एकाच गावाला पोचलास म्हणजे गाव तिथंच आहे. आता पाचच टक्के का, तर सहा घेतले तर ८८ होतात, तेवढं खाली जायला मला जमिनीचा भाव आड येतो. हा दर बाजारातनं सिद्ध करता येत नाही, तेवढे व्यवहारच नाहीत आपल्याकडं, रिपोर्टात तसं लिहून टाक.

कर्ज_आणि_वसुली:

एक कोटी पाच ठीक वाटतंय. आमच्याकडं त्याच्यावर ९० टक्के रिअलायझेबल (विकल्यावर हातात येईल ते) आणि ८० टक्के डिस्ट्रेस (घाईच्या, सक्तीच्या विक्रीचं) असं लोक डोळे झाकून टाकतात, म्हणजे साडेचौऱ्याण्णव आणि ८४. ह्या केसला ८४ पण जास्त वाटतंय मला, ताबा नसताना. पण ४० टक्के मार्जिननं, म्हणजे किमतीच्या ६० टक्के कर्ज धरून, १.०५ वर ६३ लाखापर्यंत कर्ज बसतं, ८४ च्या बरंच आत. १.२० ला कुणी सही करू नये.

लीड्सच्या ताई म्हणाल्या ते तिघांचं पत्र आम्ही गोडाऊनच्या केसला केलंय. त्यात एवढं असावं: भाडं सरळ कर्जखात्यात जमा होणार, ट्रस्टनं नोटीस दिली तर त्याच दिवशी बँकेला प्रत, मालकानं दोन-तीन महिन्यांच्या वर आगाऊ भाडं घ्यायचं नाही, आणि बँकेनं वसुली सुरू केली तर ट्रस्टला जागा सोडायला किंवा दुसरी संस्था आणायला ठराविक मुदत, समजा वर्षभर, पण त्यानंतर रिकामा ताबा द्यायचा. ट्रस्ट ह्याला तयार होईल का ते माहीत नाही, पण वर्षाची मुदत मिळते म्हटल्यावर त्यांचाही फायदाच आहे, एरवी कोर्टात जाऊन वकिलाला पैसे घालवायचे.

निवासी_ताई:

एक वर्ष पुरतं. फक्त "ठराविक मुदत" असं मोघम लिहू नका, महिने लिहा, आणि शैक्षणिक वर्षाच्या मधे नको, आमच्याकडं दिवसा शाळेतनं येणारी मुलंपण असतात.

सांगलवाडी_वकील:

मधे तोंड घालतो. इथं इमारत मालकाची आहे म्हणून प्रश्न नाही, पण कुणी ट्रस्टचीच इमारत तारण घेत असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा कलम ३६-अ बघा, धर्मादाय आयुक्तांच्या आगाऊ परवानगीशिवाय विश्वस्तांना कर्ज काढता येत नाही, गहाण टाकून पण नाही आणि न टाकता पण नाही. परवानगीचा आदेश फाइलला नसेल तर व्हॅल्युएशनची फी घेऊन मोकळे व्हा, पुढं जाऊ नका. आणि तिघांचं पत्र करणार असाल तर साध्या कागदावर नको. मूळ करार रजिस्टर्ड आहे, त्याच्या अटी बदलायच्या तर हे पण रजिस्टर्डच करा, नाहीतर उद्या ट्रस्टचे विश्वस्त बदलले की नवीन म्हणतील आम्हाला हे बंधनकारक नाही. विश्वस्तांचा ठराव पण जोडा.

मिरज_मोजपट्टी:

सगळ्यांचे आभार. करार परत वाचला, वसुलीवाले म्हणाले तसंच निघालं, लॉक-इन फक्त ट्रस्टला, मालक पूर्ण मुदतीला बांधलेला. ऑडिट पण मिळाले, ट्रस्टनं कुरकुर न करता दिले. फीमधनं वर्षाला साडेसात लाख येतात, भाडं ११.४०, बाकीचं सगळं एका कंपनीच्या सीएसआरवर आणि तो पुढच्या वर्षीच्या मार्चला संपतोय, नूतनीकरणाचं बोलणं चालू आहे म्हणाले. म्हणजे फीमधनं जेवणखाण, औषधं, पगार पण जातात, भाड्याला किती उरतं ते सांगायला नको.

रिपोर्टात बाजारमूल्य १ कोटी ५ लाख लिहितोय, भाडेकरूसकटचा आकडा वेगळा दाखवून त्याच्याखाली लॉक-इन, सीएसआर आणि ताब्याची परिस्थिती सविस्तर. शाखेत तोंडी सांगितलं तर मॅनेजर म्हणाले "मग दुसऱ्या व्हॅल्युअरकडं पाठवू का." म्हटलं पाठवा. मालकाशी पण बोललो, तो तिघांच्या पत्राला तयार आहे, रक्कम कमी करायला अजून नाही.

अण्णा_सातारा:

पाठवू दे. दुसऱ्यानं १.९० लिहिलं तर त्याची सही, त्याचा आयबीबीआयचा (व्हॅल्युअरची नोंदणी करणारी सरकारी संस्था) नंबर.

एक राहिलं. लिफ्ट कुणाची? मालक म्हणतो मी १८ लाख घातले, पण त्यातलं काय त्यानं घातलं आणि काय ट्रस्टनं, हे बिलावर बघितलंस का? कारण ट्रस्टला देणगीतनं लिफ्ट मिळालेली असली तर ती काढून न्यायचा हक्क करारात असतो कधीकधी, आणि तू बांधकामाच्या ११०० मधे ती धरून बसलायस.

मिरज_मोजपट्टी:

धरलीय खरी. परवाना ट्रस्टच्या नावावर आहे हे भिंतीवर लावलेलं बघितलं होतं, मला वाटलं वापरतात म्हणून असंल. लिफ्टच्या खोलीत कंपनीची पाटी आहे, त्यांच्या सांगलीच्या डीलरला उद्या फोन लावतो आणि मालकाकडनं बिल मागवतो. ट्रस्टची निघाली तर लिफ्टचे पैसे बांधकामातनं वजा, आणि खाली उरतं ते मोकळं भोक, त्याला स्लॅब टाकायचा खर्च वेगळा.